बोलणारा काळा पडदा

आळेफाट्याच्या बाजारात किंवा एस.टी. स्टँडवर कुणी ओळखीचे भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुमच्या लेकीला दिसत नाही म्हणता, मग ती कॉम्प्युटरवर करते तरी काय?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हे मला ठाऊक आहे. पण हातात पिशवी धरून, गाडीची वाट पाहता पाहता याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. वाचकांच्या घरात, शेजारात, नात्यात अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना हे वाचून दाखवावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

माझ्या मुलीच्या आजाराला डॉक्टर रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. सुरुवात रातांधळेपणाने होते, मग बाजूचे दिसेनासे होते आणि नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे उरते. पुढे तेही जाते. आठवीत असताना संध्याकाळी लाइट गेली की ती भिंत धरून चालायची. कुणी गाजर सांगितले, कुणी शेवग्याचा पाला सांगितला, कुणी नजर लागली म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, की हा आजार आनुवंशिक आहे, यात कुणाचा दोष नाही आणि यावर गोळी नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही दोघे नवरा-बायको नारायणगाव येईपर्यंत एक शब्द बोललो नाही.

बारावी तिने मोठी अक्षरे करून स्वतःच्या डोळ्यांनी पास केली आणि बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेतला. हाच विषय का, तर त्यामागे खोडद आहे. खोडदची मोठी दुर्बीण आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. एकूण ३० अँटेना, एकेकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळेच्या मुलांची जत्राच भरते. तिलाही शाळेने नेले होते. तिथे मुलांना सांगितले गेले, की ही दुर्बीण डोळ्याने बघत नाही, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करते आणि पुढचे काम संगणक करतो. बाकीची मुले अँटेना बघत होती, ही संगणकापाशी थांबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत होत्या, त्यात एकही चित्र नव्हते. "आई, त्या ओळींत सगळं लिहिलेलं असतं," असे तिने घरी येऊन सांगितले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला छापील अक्षर पूर्ण गेले. आणि नेमका त्याच वर्षी लिनक्सचा आणि सी भाषेचा विषय होता, म्हणजे त्याच काळ्या पडद्यावरचे काम. महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही. तिथे आम्हाला बसवून, चहा देऊन सांगण्यात आले, की मुलीला कला शाखेत घाला, नाहीतर प्रॅक्टिकलला लेखनिक देऊ, ती तोंडाने सांगेल आणि तो टाइप करील. लेखनिक घेणे हा हक्क आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण मुलगी तिथेच म्हणाली, "सर, लेखी पेपरला मी लेखनिक घेईन. पण प्रॅक्टिकलला पीठ कसं मळायचं ते मी सांगायचं आणि भाकरी दुसऱ्यानं थापायची, मग भाकरी येते कुणाला?" सर गप्प बसले. प्रॅक्टिकलला साडेतीन महिने होते.

आता हा काळा पडदा म्हणजे काय ते सांगते. आपण मोबाइलवर चित्रावर बोट ठेवतो आणि काम होते. कॉम्प्युटरवर माऊस फिरवतो. काळ्या पडद्यावर, ज्याला टर्मिनल म्हणतात, चित्र नाही आणि माऊसही नाही. तिथे हुकूम लिहायचा, एंटर दाबायचे, की खाली उत्तर लिहून येते. 'एल एस' एवढी दोन अक्षरे लिहिली की फायलींची यादी येते. 'पी डब्ल्यू डी' लिहिले की आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते कळते. 'सी डी' म्हणजे दुसऱ्या फोल्डरमध्ये जा. डोळस मुले याला घाबरतात, कारण सगळे तोंडपाठ ठेवावे लागते. पण जिला दिसत नाही तिने विचार केला तर? चित्र ऐकता येत नाही, ओळ ऐकता येते. शब्द द्यायचा, शब्द घ्यायचा. दोन माणसांच्या बोलण्यासारखे हे काम आहे.

आणि पडदा वाचणारे प्रोग्रॅम जन्मलेच मुळी या काळ्या पडद्यावर. १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत जिम थॅचर नावाचे गणिती होते. त्यांचे गुरू आणि सहकारी जेसी राइट अंध होते. संगणकावरचे अक्षर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम थॅचर यांनी तयार केला आणि त्याला नाव पडले 'स्क्रीन रीडर'. तेव्हा बहुतेक संगणक काळ्या पडद्याचे होते. पुढे विंडोज आली, खिडक्या आणि चित्रे आली, डोळसांची सोय झाली आणि अंधांची पंचाईत झाली. ती दूर व्हायला पुष्कळ वर्षे गेली. मला हे कळले तेव्हा वाटले, जिथे हिला बसू देत नाहीत ते तर हिच्या हक्काचेच घर आहे.

आमच्याकडे १६ हजारांचा जुना लॅपटॉप होता. त्यावर एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम घातला. तो फुकट आहे. चोरून घेतलेला नव्हे, बनवणाऱ्यांनीच फुकट ठेवलेला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी २००६ साली ते काम सुरू केले. त्या आधी चांगला स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर संगणकापेक्षा जास्त पैसे पडत. मिस्टर टोमॅटोची पिकअप चालवतात, मी हंगामात पॅकिंगला जाते. तेवढे पैसे आम्ही कुठून आणले असते? लिनक्ससाठी वेगळा संगणक घ्यावा लागेल अशी भीती होती. पण विंडोजच्या आतच लिनक्सचा काळा पडदा उघडण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिलेली आहे, तीही फुकट. खर्च झाला तो ५०० रुपयांच्या कीबोर्डचा आणि कानाच्या हेडफोनचा. कीबोर्ड वेगळा का, ते पुढे येईल.

पहिले काम बोटांचे होते, आणि इथे माझे जुने शिक्षण कामाला आले. १९९६ साली मी इंग्रजी टायपिंगची ३० आणि ४० शब्दांची परीक्षा दिली होती. नोकरी लागली नाही, सर्टिफिकेट ट्रंकेत राहिले. पण बोटे विसरत नाहीत. इन्स्टिट्यूटमधल्या बाई आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या, म्हणजे बटणांकडे बघायलाच नको. ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे. एफ आणि जे या दोन बटणांवर छोटा उंचवटा असतो. दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटे त्यावर ठेवली की बाकीचा कीबोर्ड आपोआप बोटाखाली येतो. तो उंचवटा डोळसांनी कधी लक्ष देऊन पाहिलेलाही नसतो. मी तिला रोज पहाटे एक तास बसवले. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि १ दाबले की शिकण्याची सोय सुरू होते. मग कुठलेही बटण दाबा, ते फक्त आपले नाव सांगते, काम काही करत नाही. त्यामुळे बिघडण्याची भीती राहत नाही. तीन आठवड्यांत तिची बोटे बसली.

सासूबाईंना मात्र तो आवाज पटला नाही. त्या ओट्यावरून ओरडायच्या, "आगं, ह्यो कोण बाप्या बोलतोय घरात? त्याला च्या तरी दे!" ई-स्पीक नावाचा तो आवाज आहे, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावे तसा. तो मराठीही बोलतो, परमुलखातला पाहुणा बोलेल तसे. मुलीने कामासाठी इंग्रजी आवाज ठेवला, कारण हुकूम सगळे इंग्रजी अक्षरांत. गोड आवाजही मिळतात, पण हा पत्र्याचा आवाज वेगाने बोलला तरी स्पष्ट राहतो. सुरुवातीला ती बैलगाडीच्या चालीने ऐकायची. दर आठवड्याला वेग थोडा वाढवायची. आता ती ज्या वेगाने ऐकते त्यातले मला अक्षरही कळत नाही.

यंत्र बोलू लागले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. काळ्या पडद्यासाठी त्याला वळण लावावे लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती रडकुंडीला आली होती. प्रोग्रॅम लिहायची, यंत्र वाचून दाखवायचे, सगळे बरोबर वाटायचे आणि संगणक म्हणायचा चूक आहे. मी शेजारी बसून पाहिले, तर एका ओळीच्या शेवटी सेमिकोलन नव्हता. यंत्राने तो नाही असे सांगितलेच नव्हते, आणि असता तरी सांगितले नसते. कारण एनव्हीडीए मुळात साध्या वाचनासाठी बसवलेला असतो. गोष्टीचे पुस्तक वाचताना दर वेळी 'स्वल्पविराम, कंस सुरू' असे म्हटले तर कोण ऐकेल? म्हणून तो बरीचशी चिन्हे गिळतो. पण काळ्या पडद्यावर चिन्ह हाच जीव आहे. हायफन, कंस, अंडरस्कोर, सेमिकोलन, एकही सुटून चालत नाही. इन्सर्ट आणि पी दाबत गेले की चिन्हांची पायरी बदलते, शेवटच्या पायरीवर सगळी चिन्हे बोलतात. ती पायरी धरली आणि तिचे अर्धे रडणे थांबले.

हा उपाय आम्हाला सांगितला पुण्यातल्या एका अंध गृहस्थांनी. बँकेत नोकरीला आहेत, नात्यातल्या एकांनी नंबर दिला. "जयभीम, बोला ताई," म्हणून त्यांनी फोन उचलला आणि पुढचे दोन महिने रोज रात्री नऊला अर्धा तास दिला. एक पैसा घेतला नाही. त्यांना हिचा पडदा दिसत नव्हता, हिलाही दिसत नव्हता. ज्या एकटीला दिसत होता ती मी, चहाचा कप धरून नुसती बसलेली. आणि ते दोघे भराभर चूक शोधून पुढे जायचे. मला हसूही यायचे आणि भरूनही यायचे.

त्यांच्याकडून शिकलेल्या काही गोष्टी सांगते, कारण ज्याला हे करायचे आहे त्याला याच गोष्टी कुठे सापडत नाहीत. काळा पडदा दर हुकुमाआधी एक खूण दाखवतो. त्यात वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव आणि फोल्डरचा अख्खा पत्ता असतो. डोळस माणूस तिकडे बघतही नाही. पण यंत्र दर वेळी ती सगळी पाटी वाचते, दिवसातून दोनशे वेळा. ती खूण छोटी करता येते, नुसते डॉलरचे चिन्ह उरते. ज्या दिवशी ती छोटी केली त्या दिवशी घरात शांतता झाली, असे सासूबाईसुद्धा म्हणाल्या.

उत्तर लांबलचक आले तर यंत्र बोलतच सुटते. कंट्रोल दाबले की गप्प बसते. पण मग निसटलेले परत कसे ऐकायचे? इथे तो वेगळा कीबोर्ड लागतो, उजवीकडे आकड्यांची चौकट असलेला. आमच्या लॅपटॉपला ती चौकट नव्हती. त्या चौकटीतला ८ दाबला की चालू ओळ ऐकू येते, ७ म्हणजे वरची ओळ, ९ म्हणजे खालची. ४, ५, ६ यांनी मागचा, चालू आणि पुढचा शब्द. १, २, ३ यांनी अक्षर. २ लागोपाठ दोनदा दाबला तर अक्षर फोड करून सांगतो, बी असेल तर ब्राव्हो, डी असेल तर डेल्टा. बी, डी, पी, टी ही अक्षरे त्या पत्र्याच्या आवाजात सारखीच वाटतात, म्हणून ही फोड फार उपयोगाची. मोठ्या लिपीतले अक्षर आले की आवाज किंचित चढतो. लिनक्सला मोठे अक्षर आणि छोटे अक्षर वेगवेगळे असतात, म्हणून तो चढलेला सूर कानाने पकडावा लागतो.

एंटर दाबण्याआधी ८ दाबून ओळ ऐकायचीच, हा नियम त्या गृहस्थांनी तिच्याकडून पाठ करून घेतला. 'आर एम' हा पुसून टाकण्याचा हुकूम आहे. त्याच्यापुढे फायलीचे नाव आणि ताऱ्याचे चिन्ह जोडून लिहिले तर त्या नावाने सुरू होणाऱ्या फायली जातात. पण नाव आणि तारा यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली तर फोल्डरमधल्या सगळ्याच फायली जातात. तिथे 'खात्री आहे का' असे कुणी विचारत नाही आणि कचऱ्याच्या डब्यातूनही परत मिळत नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्याच्या चौकात आपण जसे दोन्हीकडे बघून पाऊल टाकतो, तसे ती ८ दाबून एंटर दाबते.

फायलींची यादी साध्या 'एल एस'ने शेजारी शेजारी येते, डोळ्यांना ती नीट दिसते, कानांना तिचा गोपाळकाला होतो. 'एल एस हायफन एक' लिहिले की एका ओळीत एकच नाव येते. फार मोठे उत्तर असेल तर 'ग्रेटर'चे चिन्ह टाकून ते फायलीत पाठवायचे आणि मग सावकाश ओळीओळीने ऐकायचे. नव्या गोष्टी संगणकात घालताना टक्केवारी पळत असते, एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के, आणि यंत्र बिचारे तेच म्हणत बसते. तेव्हा इन्सर्ट आणि ५ दाबून ते आपोआप वाचणे तेवढ्यापुरते बंद करायचे. नाहीतर हुकुमालाच 'हायफन क्यू' जोडायचे, पुष्कळ हुकूम त्याने मुकाट्याने काम करतात.

सी भाषेत चूक झाली की संगणक चुकीच्या जागेखाली बाणासारखे चिन्ह काढतो. तो बाण हिच्या काय कामाचा? पण त्याच उत्तरात आधी ओळीचा आकडा आणि त्या ओळीतल्या जागेचा आकडा सांगितलेला असतो. डोळस मुले आकडा सोडून बाण बघतात, ही आकडा ऐकते. १२व्या ओळीत चूक असेल तर 'नॅनो' या लिहिण्याच्या प्रोग्रॅमला 'प्लस १२' सांगून फाइल थेट त्या ओळीवर उघडते. पायथॉन भाषेत ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. तिथे यंत्राला आत सरकलेल्या जागा मोजून सांगायला लावता येते, किंवा सुरांनी दाखवायला लावता येते. तिने सूर घेतले. तेव्हापासून आमच्या घरात पेटी शिकणाऱ्या मुलासारखे आवाज येतात.

एक गंमत सांगते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना पुष्कळदा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. यंत्र गप्प राहिले म्हणून ती घाबरली. मी म्हटले, "मलाही काही दिसत नाही गं." तेवढ्या एका ओळीपुरत्या आम्ही दोघी सारख्या झालो.

जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. काही प्रोग्रॅम अख्खा पडदा सारखा पुसून नव्याने रंगवतात, चालू कामांची यादी दाखवणारा 'टॉप' त्यातलाच. तिथे यंत्र गोंधळते आणि कुठली ओळ नवी, कुठली जुनी, कळेनासे होते. तिथे 'पी एस'सारखा एकदाच यादी देऊन थांबणारा हुकूम वापरावा लागतो. आणि ऐकून ऐकून डोके दुखते. डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. म्हणून ती तासाभराने उठून ओट्यावर जाते, पण अंधार पडायच्या आत. आमच्या बाजूला ऊस आहे आणि बिबट्याची भीती सर्वांनाच सारखी.

त्याच फोनवरच्या बोलण्यात मला टी. व्ही. रामन यांचे नाव कळले. मी विचारले होते, की एवढे करून पुढे कुणी गेले आहे का? ते म्हणाले, "ताई, आपल्या पुण्याचाच माणूस आहे." रामन यांचा जन्म १९६५ चा. पुण्यात वाढले. १४व्या वर्षी काचबिंदूने दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित शिकले, मग मुंबईच्या आय.आय.टी.त गेले आणि तिथून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. १९९४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय असा, की गणिताची अवघड समीकरणे संगणकाने नीट समजतील अशी बोलून कशी दाखवावीत. त्या प्रबंधाला संगणकशास्त्रातला उत्तम प्रबंधाचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या प्रोग्रॅमला त्यांनी नाव दिले अ‍ॅस्टर, त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचे. पुढे गूगलमध्ये गेले.

१९९५ साली त्यांनी ईमॅक्सस्पीक काढले आणि ते सर्वांना मोकळे करून दिले. ईमॅक्स हा लिहिण्याचा जुना प्रोग्रॅम, त्यातच पत्रे, फायली, हुकूम सगळे करता येते. रामन यांचे म्हणणे मला फार पटले. त्यांनी कॅलेंडरचे उदाहरण दिले आहे. पडद्यावर कॅलेंडर म्हणजे आकड्यांच्या ओळी. पडदा वाचणारे यंत्र तिथे नुसते आकडे वाचते. ऐकणाऱ्याला हवा असतो वार, तारीख, महिना. म्हणून त्यांचा प्रोग्रॅम पडदा वाचत नाही, पडद्यामागचा अर्थ सांगतो. मुलगी आता हळूहळू ते शिकते आहे. अवघड आहे, बटणे पुष्कळ पाठ करावी लागतात. पण काचबिंदूने दृष्टी गेलेला, पुण्यात शिकलेला मुलगा हे करून बसला आहे, हे कळल्यापासून तिच्या वडिलांनी 'कला शाखा' हा शब्द घरात काढलेला नाही.

आता प्रॅक्टिकलचे. ते २०२३ साली झाले. आम्ही महाविद्यालयाला लेखी अर्ज दिला. केंद्र सरकारच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तेव्हा लागू होत्या, त्यांची प्रत जोडली. त्यात संगणकावर परीक्षा देण्याची मुभा होती, आदल्या दिवशी संगणक तपासू देण्याची सोय होती, स्वतःचा लॅपटॉप चालणार नाही पण कीबोर्डसारखे साधन चालेल असे होते, आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ होता. तरी उत्तर आले, की प्रयोगशाळेतल्या संगणकात बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम घालता येणार नाही, तसा नियम आहे.

आदल्या दिवशी आम्ही गेलो. संगणक उबुंटू लिनक्सचे होते. तिने आपला कीबोर्ड जोडला, हेडफोन जोडला, आणि विंडोजची खूण असलेले बटण, ऑल्ट आणि एस अशी तीन बटणे एकदम दाबली. संगणक बोलू लागला. ऑर्का नावाचा पडदा वाचणारा प्रोग्रॅम उबुंटूमध्ये आधीपासूनच असतो. बाहेरून काही घालायचेच नव्हते. सर म्हणाले, "हे यात होतं?" ती म्हणाली, "हो सर, पहिल्यापासून होतं." मला त्या क्षणी काय वाटले ते मी लिहू शकत नाही. किती मुले त्या खोलीतून पास होऊन गेली असतील, आणि ती वाचा त्या संगणकांत तशीच मुकी बसून होती.

ऑर्कालाही आकड्यांच्या चौकटीतली तीच बटणे लागतात, ७-८-९ ओळींना, ४-५-६ शब्दांना, १-२-३ अक्षरांना. लिनक्सच्या निव्वळ काळ्या पडद्यावर चालणारा स्पीकअप नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यालाही तीच. त्यामुळे एक शिकले की तिन्ही येतात. परीक्षेला तिने आधी चिन्हांची पायरी वर नेली, डॉलरची खूण छोटी केली आणि मग प्रश्न ऐकला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मध्येच हेडफोन मागून कानाला लावला. अर्ध्या मिनिटात परत दिला आणि म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तुला कळतं ना? मग चालू दे." तिचे दोन्ही प्रोग्रॅम चालले. एक चालायला वेळ लागला, त्यात ७व्या ओळीत कंस राहिला होता, तो तिने ऐकून शोधला. मी बाहेर व्हरांड्यात होते, हे सगळे तिनेच नंतर सांगितले.

आता ती शेवटचे वर्ष संपवून सरकारी परीक्षांचे अर्ज भरते. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांचा. नोकरी लागेल तेव्हा लागेल. संध्याकाळी नऊला आता आमच्याच फोनची घंटा वाजते. आंबेगाव तालुक्यातला एक मुलगा आहे, तोही बी.एस्सी.ला. ती त्याला विचारते, "आधी सांग, चिन्हं सगळी बोलतात का?"

जाता जाता संपादक महाशयांना एक विनंती. तिला इंग्रजी कुठलीही फाइल ऐकता येते. पण मराठी साप्ताहिके, पुस्तके, सरकारी पत्रके यांच्या फायली पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फाँटात असतात. पडद्यावर 'अ' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे भलतेच इंग्रजी चिन्ह असते, आणि यंत्र तेच वाचते. काही फायली तर पानाचे नुसते फोटो असतात. मजकूर युनिकोडमध्ये असला की ई-स्पीकचा तो परमुलखी पाहुणा तो घडाघडा वाचतो. हा अंक सध्या मी तिला वाचून दाखवते. युनिकोडमधली फाइल मिळाली तर ती आपली आपण वाचील. हा लेख मी त्याच पद्धतीने टाइप केला आहे, तेव्हा छापून येण्याआधी तो तिने ऐकलेला आहे. भाकरीचे वाक्य काढून टाक म्हणत होती. मी ठेवले आहे.